माझे उलटे बटण

मित्रांनो, मी एक जुनी विजेची गिटार आहे, आणि बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट कबूल करून टाकते. मी अतिशय भित्री आहे. माझ्या जातीच्या इतर गिटारींचा म्हणे मोठा रुबाब असतो. त्या मंचावर गर्जतात, लोकांना वेड लावतात. माझ्याजवळ नुसते कोणी पेचकस घेऊन आले, तरी माझ्या पोटात गोळा येतो. आता माझ्या पोटात खरे तर काही तारा, दोन बटणांची मागची बाजू आणि एक कंडेन्सर एवढेच आहे. पण गोळा येतो तो तिथेच येतो.

या भित्रेपणाला कारण आहे. अडुसष्ट साली सायगॉनच्या एका बोळात फणसाच्या लाकडातून मला घडवले. घडवणारा म्हातारा सावकाश काम करायचा. त्याने मला तासले, घासले, मानेवर पडदे बसवले, लाल रंगाचे तीन हात दिले. मला वाटले, झाले, आता आपण तयार. तेवढ्यात त्याने अर्धगोल पटाशी उचलली आणि पडद्यापडद्यांच्या मधले लाकूड कोरायला घेतले. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण तारा लावल्याशिवाय गिटारीचे ओरडणे कोणाला ऐकू येत नाही. पुढे कळले, की आमच्या मेकाँगच्या खोऱ्यातल्या गाण्याला अशीच गिटार लागते. तिथे सूर नुसता लागून भागत नाही. तो वळावा लागतो, त्याला हुंदका यावा लागतो. बोटाने तार खळग्यात दाबली की सूर वर चढतो आणि बोट सैल केले की गळ्यातून उतरावा तसा खाली येतो. त्या खळग्यांपायीच पुढे माझे कौतुक झाले. तरी पटाशीचा आवाज मी विसरलेले नाही.

मला घेतले थुआन नावाच्या एका सडपातळ, कमी बोलणाऱ्या वादकाने. पण थुआन म्हणून त्यांना कोणीच हाक मारत नसे. सगळे सहावेदादा म्हणत. आमच्याकडे लेकरांना जन्माच्या क्रमाने हाका मारतात, पण मोजणी दोनपासून सुरू होते. थोरल्याला पहिला म्हटले की वाईट नजर सगळ्यात आधी त्याच्यावर पडणार, या धास्तीने पहिली जागा मोकळी सोडतात. म्हणून थोरली मुलगी ती दुसरी, तिच्या पाठची ती तिसरी, आणि पाचवे लेकरू ते सहावे. शेंडेफळाला तेवढे धाकटे म्हणतात. ही रीत ऐकून मला बरे वाटले. जिथे माणसे भुतांना चकवायला आकडे बदलून सांगतात, तिथे मी काही एकटीच भित्री नव्हते.

सहावेदादांची बायको न्यान. ती माहेरची शेंडेफळ, म्हणून सगळ्या नाटकमंडळीची धाकटीवहिनी. मंडळी होड्यांमधून गावोगाव जायची आणि नदीकाठी मंडप ठोकायची. दादा मला वाजवत आणि वहिनी गात. आमच्या वाँगको गाण्यात पहिली ओळ लांबवत, वळवत न्यायची असते आणि शेवटी सावकाश षड्जावर उतरायचे असते. गायिका उतरली की मंडपभर टाळ्या पडतात. ती आमची सम. वहिनींचा आवाज उंच आणि स्वच्छ होता. त्या उतरायच्या तेव्हा पाण्यावरचे नावाडी वल्ही थांबवत, असे लोक सांगत. मी नावाडी पाहिले नाहीत, टाळ्या मात्र ऐकल्या.

माझ्या अंगावर दोन बटणे आहेत. एक आवाज लहानमोठा करते. दुसरे आहे टोनचे. ते उजवीकडे फिरवले की सूर तिखट होतो आणि डावीकडे फिरवले की मऊ. पण त्या काळात मऊपणा कोणाला हवा होता? उघड्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत तिखट सूरच पोहोचतो. तेव्हा एका कारागिराने टोनच्या बटणाची तार कापून टाकली. बटण राहिले ते शोभेला. मी रात्रंदिवस तिखट बोलू लागले आणि सगळे म्हणाले, वा, काय धार आहे!

पुढे देशातली लढाई संपली, मंडळी फुटली. दादा-वहिनी सा डेकच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहू लागले आणि लग्नाला, श्राद्धाच्या जेवणाला गाऊ-वाजवू लागले. माझे काही बिघडले की दादा मला बाजारातल्या चौथीताईकडे नेत. चौथीताई रेडिओ, पंखे, अँप्लिफायर दुरुस्त करायची. हात कसबी आणि जीभ फटकळ. तिने पहिल्यांदा माझे पोट उघडले तेव्हा मी भीतीने अर्धी झाले. पण ती कामाला लागली की बडबड करायची, आणि त्या बडबडीने मला धीर यायचा. बटणाच्या मागे तीन बारक्या कड्या ओळीने असतात, त्यांना तारा जोडतात. त्या कड्यांवर डावीकडून एकेक बोट ठेवून ती म्हणाली, “ही थोरली, म्हणजे दुसरी. ही मधली, तिसरी. आणि ही शेवटची चौथी, हिला तार लागत नाही, बिचारी बिनलग्नाची. नावानं ओळख असली की चुकायला होत नाही बघ, सहावेदादा.”

दादा म्हणाले, “तू सगळीकडं आपलंच घर बघतेस.”

“मग काय तुमचं बघू? तुमच्याकडं सहा जणं. एवढ्या कड्या कुठून आणायच्या?”

अशी ती चौथीताई. तिची ही कड्यांची नावे मी नीट लक्षात ठेवली. ती पुढे कशी माझ्या मुळावर येणार होती, हे तेव्हा मला कुठे माहीत होते!

शहाण्णव सालची गोष्ट. वहिनींच्या गळ्यात गाठ निघाली. शहरात नेऊन ती काढली. जीव वाचला, पण आवाज खाली बसला. डॉक्टरांनी आधीच सांगितले होते, की गाठीला लागून एक नस आहे आणि असे होऊ शकते. वहिनींनी मानेभोवती चौकटीचा पंचा गुंडाळला आणि बोलणेच बंद केले. घरात दादांशी कुजबुजत. बाहेर नुसत्या मान हलवत. भाजीवाली भाव सांगे, त्या बोटे दाखवत. आठ महिने झाले, त्यांचा नवा आवाज दादांखेरीज कोणीही ऐकला नव्हता. कोणी विचारले तर दादा म्हणत, अजून आराम सांगितलाय.

भिंतीवर टांगलेली मी सगळे पाहत होते. दादा बाहेर गेले की वहिनी दार लावून घेत आणि एखादा सूर लावून बघत. तो सूर त्यांच्या गळ्यातून कसा निघे ते मी सांगत नाही. त्या लगेच तोंडावर हात ठेवत आणि दाराकडे बघत, बाहेर कोणी ऐकले तर नाही ना! अशा वेळी मला माझी स्वतःची भीती फार लहान वाटे.

आमच्या नाटकवाल्यांचे एक मूळगुरू आहेत. आठव्या चांद्रमासाच्या बाराव्या तिथीला त्यांची पूजा असते. त्या दिवशी प्रत्येक कलावंत त्यांच्यापुढे एक गाणे वाहतो. ज्याला आता जमत नाही, तो आपली वस्तू, पंखा म्हणा, तलवार म्हणा, वेदीवर ठेवतो आणि विद्या परत करतो. एकदा परत केली की पुन्हा गायचे नाही. घरात, न्हाणीतसुद्धा नाही. आमच्यात कितीही टवाळखोर माणूस असो, ही गोष्ट कोणी मोडत नाही. सगळे घाबरतात.

तिथीला चार दिवस उरले असताना वहिनी दादांना कुजबुजत म्हणाल्या, “मी पंखा बरोबर घेणार आहे.”

दादांच्या हातातला चहाचा पेला थांबला. “कशाला?”

“असं अधांतरी राहवत नाही हो. एकदा गाऊन बघते. नाही जमलं तर तिथंच ठेवून येईन.”

“जमेल.”

“तुमच्या गिटारीपुढं? ती केवढी कडाडते! माझा आवाज तिच्या खाली चिरडून जाईल.”

दादांनी माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, आयुष्यभर ज्या धारेचे कौतुक झाले, तिचीच मला त्या क्षणी लाज वाटली. माझा आवाज नुसता लहान करून चालले नसते. लहान केला की लांब सूर मध्येच मरतात, आणि गायिकेला तर त्या सुरांचाच हात धरून उतरायचे असते. सूर लांब हवा, पण मऊ हवा. म्हणजे ते कापलेले टोनचे बटण पुन्हा जोडायला हवे, आणि जरा मोठा कंडेन्सर घालायला हवा, जो माझा तिखटपणा गिळून टाकेल.

दादा मला घेऊन चौथीताईकडे गेले. पण चौथीताई नव्हती. तिची धाकटी लेक कान थो शहरात बाळंत होणार होती, म्हणून ती थोरल्या लेकीला घेऊन तिकडे गेली होती. दुकानात होता थोरल्या लेकीचा नवरा, ख्वे.

ख्वे उत्तरेकडचा, नाम दिन्हचा. स्वभावाने नीटनेटका, बोलणे पुस्तकी. त्याच्याकडे थोरल्याला सरळ थोरलेच म्हणतात. आमची दोनपासूनची मोजणी त्याला लग्नात कळली होती, तीही माणसांपुरती. पंखे आणि भात शिजवायची विजेची भांडी तो उत्तम दुरुस्त करायचा. गिटार त्याने कधी उघडली नव्हती.

“काळजी करू नका, सहावेदादा,” तो म्हणाला. “मी आईंना दूरध्वनी करून सगळं विचारून घेतो.”

“तिथीच्या सकाळपर्यंत मिळेल?”

“मी स्वतः आणून देईन.”

दादा गेले. ख्वेने माझे पोट उघडले. तिथीच्या आदल्या दिवशी दुपारी रुग्णालयातून चौथीताईचा फोन आला, आणि ती इतकी मोठ्याने बोलत होती, की तिचे शब्द बाकावर पडल्या पडल्या मला ऐकू येत होते.

“ऐकू येतंय का रे? इथं सगळ्या बायका एकदमच बाळंत व्हायला लागल्यात!”

“येतंय, आई. बोला. मी पेन्सिल घेऊन बसलो आहे.”

“पेन्सिल कशाला? एवढं सोपं आहे. व्हॉल्यूमकडनं तार येते ना, ती दुसरीला दे.”

“दुसरीला. बरं.”

“कंडेन्सरचा एक पाय तिसरीला. त्याचा उरलेला पाय बटणाच्या पाठीला, पत्र्यावर. कळलं?”

“लिहिलं. तिसरीला कंडेन्सर.”

“आणि चौथीला सुखात राहू दे. तिच्या वाटेला जाऊ नकोस.”

ख्वे एकदम ओशाळला. खुर्चीतून अर्धवट उठलाच. “चुकलंच माझं, आई. आपण इतक्या गडबडीत आहात आणि मी त्रास देतो आहे. ठेवतो, ठेवतो!” आणि त्याने फोन ठेवून दिला.

अरे देवा! चौथी म्हणजे सासूबाई नव्हेत, चौथी म्हणजे शेवटची कडी! मला ते माहीत होते. सगळ्या दुकानात मला एकटीलाच ते माहीत होते. ख्वेने पुन्हा कागद पाहिला आणि माझ्या बटणाच्या कड्या मोजल्या. एक, दोन, तीन. दुसरीला तार म्हणजे मधलीला. तिसरीला कंडेन्सर म्हणजे शेवटचीला. “पहिली मोकळीच,” तो स्वतःशी म्हणाला आणि सोल्डरिंगची कांडी तापायला ठेवली.

तिचे टोक तांबूस होईपर्यंतचा वेळ माझ्यासाठी कसा गेला ते कसे सांगू? मला गरम टोकाची भीती वाटतेच. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला स्वतःसाठी भीती वाटत नव्हती. हाताला झटका द्यावा, एखादी तार तोडावी, कड्या गरम होऊन निसटाव्यात, काहीतरी व्हावे, असे मला वाटत होते. काहीच झाले नाही. ख्वेचे सोल्डर स्वच्छ आणि चकचकीत बसले. अशा जोडणीने काही जळत नाही, काही तुटत नाही. फक्त बटण उलटे चालते. उजवीकडे फिरवले की मऊ, डावीकडे फिरवले की तिखट.

त्याने मला दुकानातल्या अँप्लिफायरला जोडले, एक तार छेडली, बटण इकडे फिरवले, तिकडे फिरवले. आवाज बदलला. “झालं!” तो आनंदाने म्हणाला. बटण कुठल्या बाजूला चालायला हवे, हे त्याला कोण सांगणार? तो वाजवणारा थोडाच होता! शेवटी त्याने ते पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवले आणि मला पुसून पिशवीत घातले.

तिथीच्या सकाळी तो मला मोटारसायकलवर घेऊन मूळगुरूंच्या मंदिरात आला, तेव्हा पूजा सुरू झालेली होती. वेदीवर भाजलेले डुक्कर, केळी, ऊस. उदबत्त्यांचा धूर एवढा, की पहिल्या रांगेतले लोक डोळे पुसत होते. एकामागून एक कलावंत गात होते. वहिनी भिंतीजवळ बसल्या होत्या. गळ्याला पंचा, मांडीवर मिटलेला चंदनी पंखा. त्यांची बोटे पंख्याच्या काड्यांवरून सारखी फिरत होती.

सूत्रे नववेकाकांच्या हाती होती. हे मंडळीचे जुने विदूषक. दात गेले होते, थट्टा गेली नव्हती. ख्वेला पाहून ते म्हणाले, “या, उत्तरेचे जावई! सासू नाही म्हणून आज उशिरा उठलात काय?”

“मी पहाटेपासून तयार आहे, काका. वाटेत फेरीबोट चुकली.”

“बोट चुकली तर चुकली. काम नाही ना चुकलं?”

“मुळीच नाही,” ख्वे म्हणाला. मी पिशवीत थरथरले.

लगेच वहिनींचे नाव पुकारले. दादांना मला आधी वाजवून बघायला क्षणभरही मिळाला नाही. त्यांनी घाईने तार अँप्लिफायरला जोडली, आमच्या गिटारीला असतात त्या पाचही तारा दोन सूर खाली उतरवल्या, म्हणजे वहिनींना चढावे लागू नये, आणि गाण्याआधीची आलापी सुरू केली. बटण पूर्ण उजवीकडे होते. म्हणजे मी पूर्ण मऊ. इतकी मऊ मी जन्मात बोलले नव्हते. दादांचा चेहरा उजळला. ते वहिनींकडे झुकून हळूच म्हणाले, “ऐकलंस? चौथीच्या जावयानं जीव ओतलाय.”

वहिनी हसल्या नाहीत. माइक त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर होता आणि त्या त्याच्याकडे सापाकडे बघावे तशा बघत होत्या.

मी मनात मूळगुरूंचा धावा करत होते. महाराज, एवढे करा. यांचा हात त्या बटणाला लागू देऊ नका. आता आहे तसे राहू द्या. गाणे संपू द्या, मग माझे काय व्हायचे ते होवो.

वहिनींनी तोंड उघडले. पहिले दोन शब्द आले, नुसता श्वास वाटावा एवढे बारीक. मंदिर शांत झाले. दादांनी ऐकले, आणि त्यांच्या मनात जे यायला नको होते तेच आले. बायकोचा आवाज नाजूक आहे, गिटार आणखी मऊ करावी. त्यांच्या करंगळीने टोनचे बटण जरासे डावीकडे ढकलले.

जरासेच. पण उलट्या जोडणीत सगळा फरक त्या पहिल्या जराशातच असतो. मी किंचाळले.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी कान झाकले. दादा दचकले. त्यांना वाटले, आपण पुरेसे फिरवले नाही. त्यांनी आणखी डावीकडे फिरवले. मी आणखी किंचाळले. त्यांच्या कपाळावर घाम आला. चाळीस वर्षे मंडप गाजवलेला माणूस, पण भीतीने त्याला काही सुचेना. ते पुन्हा पुन्हा त्याच बाजूला बटण पिळत होते आणि ते आधीच टोकाला टेकलेले होते.

वहिनींची ओळ तुटली. त्या थांबल्या. त्यांचा एक हात गळ्यावरच्या पंच्याकडे गेला आणि दुसऱ्या हाताने मांडीवरचा पंखा उचलला. त्यांनी वेदीकडे पाहिले. मला कळले, त्या आता उठणार. चार पावले टाकणार, पंखा ठेवणार. मग न्हाणीतसुद्धा नाही, बंद दाराआडसुद्धा नाही. आणि ते माझ्यामुळे. आयुष्यात मी पुष्कळ घाबरले आहे, पण तसली भीती पुन्हा कधी वाटली नाही.

उठता उठता त्यांनी दादांच्या हाताकडे पाहिले. तो हात डावीकडे पिळत होता. गाणाऱ्या माणसाचे कान ते. दादा जसे मऊ करायला जात तशी मी कडाडत होते, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्या सगळे विसरल्या. गाठ विसरल्या, पंचा विसरल्या, समोरचा माइकही विसरल्या.

“अहो! उलटं! उलटं फिरवा ना!”

भोंग्यातून ते सगळ्या मंदिरात घुमले. जाड, खरखरीत, वाळूवरून नाव ओढावी तसा आवाज. आठ महिने लपवलेला.

कोणी हलेना. वहिनींनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे डोळे भरले. दादा बटणावर बोट ठेवून तसेच बसले होते.

तेवढ्यात नववेकाका मागे वळून ओरडले, “ऐकलंत का रे? धाकटी नवऱ्यावर ओरडली! म्हणजे धाकटी बरी झाली!”

आधी एक बाई हसली. मग सगळे मंदिर हसायला लागले. कोणी म्हणाले, “सहावेदादा, घरचा हुकूम आहे, फिरवा!” कोणी म्हणाले, “वहिनी, अजून एकदा!” त्या हसण्यात कीव नव्हती, कुत्सितपणा नव्हता. सगळ्यांना घरोघरी ओळखीचे असेच काहीतरी ऐकू आले होते. वहिनींनी हात खाली घेतला. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. दादांनी बटण उजवीकडे फिरवले. मी मऊ झाले.

वहिनींनी पुन्हा सुरुवात केली. गाणे पूर्वीसारखे झाले, असे मी खोटे सांगणार नाही. एक वळण त्यांना घेता आले नाही, दोनदा श्वास तुटला. पण आता त्या आवाज लपवत नव्हत्या. जेवढा होता तेवढा सगळा देत होत्या. मी खालून त्यांचा सूर धरून ठेवला. त्या एकेक पायरी उतरत षड्जावर आल्या. इतक्या खोल षड्जावर त्या तरुणपणी कधीच उतरल्या नव्हत्या. टाळ्या पडल्या. पंखा घरी परत आला.

आठवड्याने चौथीताई नातीचे तोंड बघून परतली. हकिगत ऐकून तिने माझे पोट उघडले आणि हसून हसून बाकावरच बसली.

“अरे शहाण्या, चौथी म्हणजे मी होय?”

“आपणच म्हणालात आई, चौथीला सुखात राहू दे.”

“मला कोण सुखात राहू देतंय! आण ती कांडी, दोन मिनिटांत सरळ करते.”

वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्या आता बाजारात सगळ्यांशी बोलत. आपल्या जाड आवाजात त्या म्हणाल्या, “राहू दे गं तसंच.”

“तसंच? वाजवताना दरवेळी घोळ होईल की.”

“होऊ दे. नीट झालं तर मला ओरडायला काय निमित्त राहील?”

चौथीताईने झाकण लावून टाकले.

त्यानंतर वहिनी चौदा वर्षे गायल्या. दादांचा हात सवयीने चुकीच्या बाजूला जायचा, वहिनी माइकवरून त्यांना रागवायच्या आणि लोक त्याचीच वाट बघायचे. मग एका हिवाळ्यात वहिनी गेल्या. मला पिशवीत घालून कपाटावर ठेवले. खळग्यांत धूळ साचली, तारा गंजल्या. वर्षभरात मला कोणी हात लावला नाही.

आता वर्षातून एकदाच मी बाहेर येते, त्या तिथीला. दादा ऐंशीच्या पुढे आहेत. बोटे थरथरतात. दरवेळी कोणी ना कोणी तरुण कारागीर माझे बटण फिरवून बघतो आणि म्हणतो, “आजोबा, कोणत्या गाढवानं जोडलंय हे? द्या इकडं, सरळ करून देतो.” तो पेचकस काढतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. आजवर दादांनी मला कोणाच्या हाती दिलेले नाही. पण दादा किती दिवसांचे? त्यांच्यामागे मी कोणाच्या बाकावर जाऊन पडेन, हा विचार आला की मला कपाटावरच्या अंधारातही दरदरून घाम फुटतो.

दादा मूळगुरूंपुढे बसतात. शेजारी एक रिकामी खुर्ची, तिच्यापुढे माइक. आलापी संपवतात आणि मग मुद्दाम, अगदी जाणूनबुजून, बटण डावीकडे फिरवतात. मी किंचाळते. नवखे लोक कान झाकतात, जुने लोक खाली बघतात. दादा मला तशीच किंचाळत ठेवून माइककडे बघत थांबतात. बरेच थांबतात. मग स्वतःच बटण उजवीकडे फिरवतात आणि वाजवायला लागतात.

म्हणून, मित्रांनो, तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली आणि तिच्यात काही उलटे दिसले, तर लगेच कांडी तापवू नका. तिला पुसा, तिचा गंज काढा, तिला कोरड्या जागी ठेवा. पण तिची तार तोडण्याआधी घरात विचारून या, की ही चूक कोणाची आहे. माझ्या पोटातली चूक धाकटीवहिनींची आहे.